पश्चिमेची हजेरी

६ डिसेंबर, बुधवार

पोचले एकदाची! बस टेकडीच्या पायथ्याशी थांबली तेव्हा दादा स्वतः घ्यायला आला होता. डोक्यावर कानटोपी, गळ्यात वहिनीने विणलेला लाल मफलर आणि चेहऱ्यावर सहलीला निघालेल्या पोराचा आनंद. वय वर्षे बावन्न. घड्याळदुरुस्तीचं दुकान आठवडाभर बंद ठेवून हा माणूस थंडीत उताणं पडून आकाश बघायला आलाय आणि वर मलाही ओढून आणलंय.

खरं तर मीच यायला तयार होते. एकोणीस वर्षं कोर्टात लघुलेखिका म्हणून साक्षीदारांचं बोलणं उतरवून घेतलं. आता झोपेतही कान बंद होत नाहीत, शेजारच्यांचं भांडणसुद्धा मनात लिहून काढते. डॉक्टर म्हणाले हवापालट करा. दादा म्हणाला, आम्हाला लिहिणारं माणूस हवंच आहे, आणि सरकारी पोपटापेक्षा चांगलं कोण मिळणार. सरकारी पोपट म्हणजे मी. ऐकलेलं जसंच्या तसं बोलून दाखवते म्हणून लहानपणापासूनच तो मला पोपट म्हणतो, नोकरी लागल्यावर त्याला सरकारी जोडलं.

निघताना वहिनीने मला बाजूला घेतलं. गेल्या हिवाळ्यात दादाला न्यूमोनिया झाला होता, अकरा दिवस हॉस्पिटलात होता. तो ऐकणार नाही हे तिला माहीत आहे, म्हणून तिने शब्द घेतला तो माझ्याकडून. आला तसा धडधाकट परत आणायचा. मी हसत हसत हो म्हणाले.

राहायला टेकडीच्या कमरेवर एक विश्रामगृह आहे, खोल्या बऱ्या आहेत, गाद्या जरा दगडी. तिथून दहा मिनिटं चढून गेलं की माथ्यावर एक जुनं पंपघर. पंप कधीच काढून नेलाय, आता ती आमची कचेरी. मंडळी छोटीशीच. मास्तर म्हणजे निवृत्त विज्ञानशिक्षक, या सगळ्याचे प्रमुख, बोलतात कमी आणि पुसतात फार, चष्मा. नर्सबाई रात्रपाळीत मुरलेल्या, मोठ्याने हसणाऱ्या, आल्या आल्या त्यांनी माझी नाडी बघून मी चहा जास्त पिते असं जाहीर केलं. आणि दादा. हे लोक बारा वर्षं दर डिसेंबरात इथे उल्का मोजतात.

काम सोपं आहे. पंपघराच्या चारही बाजूंना वीस-वीस पावलांवर खुर्च्या, प्रत्येकाने आपल्याच दिशेचं आकाश बघायचं. उल्का दिसली की ओरडायचं, आली, दिशा, आणि किती तेजस्वी ते आकड्यात. मी आत लाल दिव्याच्या उजेडात घड्याळ बघून लिहायचं. बाहेर डोकवायचं नाही, कारण दार उघडलं की उजेड बाहेर जातो आणि अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात. शिवाय दर पंधरा मिनिटांनी हजेरी. मी दिशेचं नाव पुकारायचं, तिथल्याने जागा किंवा जागी म्हणायचं, मी खूण करायची. थंडीत झोप लागली तर माणूस उठतच नाही, असं नर्सबाई म्हणाल्या. त्यावर कुणीच हसलं नाही.

आज रात्रीच सुरुवात. पेनं चार घेतली आहेत.

७ डिसेंबर, गुरुवार, दुपार

झोप आली नाही, म्हणून लिहायला बसले.

रात्र झकास गेली. एकशे अकरा उल्का. बाहेरून तीन बाजूंनी हाका येतात आणि आपण न बघता सगळं आकाश कागदावर उतरवतो, यात मजा आहे. नर्सबाई उल्का दिसली की भाजीवालीला थांबवल्यासारख्या ओरडतात. दादाचा आवाज तर ओळखूच येत नव्हता, इतका खूश.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक झाली. छापील तक्त्यात चार रकाने आहेत. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम. आम्ही वर गेलो तेव्हा अंधार झाला होता, खुर्च्या मी काही पाहिल्या नव्हत्या. तक्त्याप्रमाणे चारही दिशा पुकारल्या. उत्तरेहून मास्तर, पूर्वेहून नर्सबाई, दक्षिणेहून दादा. पश्चिमेहून जरा वेळाने उत्तर आलं, जागा. पुरुषाचा आवाज, सावकाश, पेंगत असलेल्याला कुणी हलवल्यासारखा. अजून न भेटलेला कुणी चौथा थेट वर आला असेल, असं समजून मी खूण केली. रात्रभर तो दर हजेरीला जागा म्हणाला, पण उल्का एकही सांगितली नाही. काय आळशी माणूस आहे, असं मी मनात म्हटलं.

पहाटे चहाचे चार कप भरले, शिवाय माझा. आत आले तिघेच.

मी विचारलं पश्चिमेचे कुठे राहिले. दादाने चमचा खाली ठेवला. मास्तर चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले की पश्चिमेला कुणी बसत नाही, तक्ता जुना आहे, यापुढे तीनच नावं पुकारा. मी पश्चिम पुकारल्याचं त्यांनी ऐकलं होतं. उत्तर ऐकलं का, असं विचारल्यावर नाही म्हणाले. फार पटकन म्हणाले. साक्षीदार असं पटकन बोलला की आमचे न्यायाधीश मान वर करून बघायचे.

चार कपांतला एक तसाच गार झाला. मीच मोरीत ओतला.

८ डिसेंबर, शुक्रवार

काल तीनच नावं पुकारली. उत्तर, पूर्व, दक्षिण. तिघांनी हजेरी दिली. मी पेन ठेवलं, आणि पश्चिमेकडच्या झरोक्यातून आवाज आला, जागा.

मी पुकारलं नव्हतं.

पुढच्या हजेरीलाही तेच. पाच वाजेपर्यंत तेच. मी खूण केली नाही, पण हात शिवशिवत होता. एकोणीस वर्षांची सवय, ऐकलेलं लिहिलं नाही की चोरी केल्यासारखं वाटतं.

सकाळी उजेडात खुर्च्या बघून आले. दिशा हलू नयेत म्हणून चारही लोखंडी सांगाडे सिमेंटात रोवलेले आहेत. तीन सांगाड्यांवर कापड ताणलंय, पश्चिमेचा नुसता सांगाडा. रात्रीच्या दहिवराने सगळं लोखंड पांढरं झालं होतं. पश्चिमेचं कोरडं होतं.

दादाला दाखवायला नेलं तर तो म्हणाला, ऊन आधी तिथे पडत असेल. पश्चिमेला! घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे शोभतं का? पण मी वाद घातला नाही. तो खोकत होता.

९ डिसेंबर, शनिवार

आभाळ भरलंय, रात्री काम नाही. तरी चैन नाही. चार वेळा विश्रामगृहाच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या, दोनदा खोलीतलं कपाट लावलं, वहिनीला फोन करायला खालच्या फाटकापर्यंत गेले आणि न करताच परत आले. वर आणि विश्रामगृहात फोन लागत नाही, फाटकापाशीच लागतो.

शेवटी नर्सबाईंना गाठलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं.

पश्चिमेला शिंपीकाका बसायचे. दोन वर्षांपूर्वी, उल्का सर्वांत जास्त पडतात त्या रात्री, ते खुर्चीतच गेले. पहाटे त्यांना हात लावला तो नर्सबाईंनीच. अंग लाकूड झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, मध्यरात्रीच्या सुमारास गेले. त्या रात्री आत लिहायला मास्तर होते. आणि वहीत पश्चिमेच्या रकान्यात पहाटे पाचपर्यंत हजेरीच्या खुणा आहेत, मध्यरात्रीनंतरच्या वीस.

मास्तरांनी सगळ्यांसमोर कबूल केलं की आपला डोळा लागला होता, खुणा सवयीने केल्या. शिंपीकाकांच्या बायकोच्या पायाशी बसून ते रडले. तेव्हापासून ते आत बसत नाहीत.

मी विचारलं, मग परवा मला जे ऐकू आलं ते शिंपीकाकांचं म्हणायचं का? नर्सबाई म्हणाल्या की परवा त्यांनीही ऐकलं. पण शिंपीकाका बोबडे बोलायचे, ज त्यांना कधीच नीट म्हणता आला नाही. हा जो कोण आहे तो अगदी स्वच्छ बोलतो.

म्हणजे शिंपीकाका नाहीत. त्या रात्री त्यांच्या वतीने ज्याने उत्तर दिलं, तो आहे. आणि मी त्याला नाव घेऊन बोलावलं.

१० डिसेंबर, रविवार

दादाला म्हटलं घरी जाऊ. हसला. मग चिडला. मास्तरांना एकटं टाकून जाणार नाही म्हणतो. त्यांना तेराची रात्र, उल्का सर्वांत जास्त पडतात ती, हवीच आहे. का, ते मास्तरांनी मला स्वतःच सांगितलं, जिन्यात, माझ्याकडे न बघता. त्यांचा डोळा लागला नव्हता. त्यांनी वीसही वेळा उत्तर ऐकलं होतं. पण ते कोण मानणार, म्हणून झोपल्याचं कबूल करून टाकलं. आता आणखी कुणीतरी ऐकावं, लिहावं, एवढंच त्यांना हवंय. माझ्यासारखी कोर्टातली लेखनिक दादाने सुचवली तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला तो यासाठी.

मला राग यायला हवा होता. आला नाही. दोन वर्षं न केलेल्या चुकीची माफी मागत फिरणारा माणूस, त्याच्यावर काय रागवायचं!

पण माझा दादा दक्षिणेला बसतो. पश्चिमेच्या शेजारी.

११ डिसेंबर, सोमवार, पहाट

लगेच लिहून ठेवते.

सव्वादोनची हजेरी. नर्सबाई गरम पाण्याची पिशवी भरायला आत आल्या होत्या. माझ्या शेजारी उभ्या, हातात किटली. हे माझ्या लक्षातच राहिलं नाही आणि मी नेहमीप्रमाणे पुकारलं. उत्तर. मास्तर म्हणाले जागा. पूर्व.

बाहेरून पूर्वेकडून आवाज आला, जागी.

नर्सबाईंचा आवाज. तसाच मोठा, तसाच शेवटी किंचित चढणारा. नर्सबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचं तोंड मिटलेलं होतं. किटलीतलं पाणी पिशवीबाहेर सांडत होतं, त्यांच्या बोटांवर, कढत, आणि त्यांना कळत नव्हतं.

मी दक्षिण पुकारलीच नाही. दाराकडे धावले, उजेडाची पर्वा न करता. दादा खुर्चीत होता, ठीक होता, डोळे बिघडवले म्हणून माझ्यावर ओरडला. इतकं गोड ओरडणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

१२ डिसेंबर, मंगळवार

नर्सबाई गेल्या. बोटांना मलमपट्टी, ड्यूटीचं निमित्त. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, कानावर विश्वास ठेवू नका, हात लावून बघा. मनगटावर नाडी कुठे लागते ते दाखवलं, तीनदा करून घेतलं.

तो आता कुणाचाही आवाज काढतो. मग पुकारण्याला अर्थ काय?

दादापुढे हात जोडले. वहिनीची शपथ घातली. एवढी एकच रात्र, म्हणतो. मास्तरांना म्हटलं, माझी साक्ष लिहून देते, सही करते, रात्र नको. ते म्हणाले, कागदावर तर त्या वेळीही होतं.

शेवटी माझी एक अट दोघांनी मान्य केली. कपडे वाळत घालायची दोरी कापून दोन लांब तुकडे केले. एकेक टोक त्यांच्या मनगटाला, दुसरं झरोक्यातून माझ्या टेबलाच्या पायाला. हजेरी दर दहा मिनिटांनी. मी ओढायचं, त्यांनी उलट ओढायचं. आवाज चालणार नाही. दादा म्हणतो, शेळी झाली माझी. होऊ दे.

झोप नाही. एका जागी बसवत नाही. दोरीच्या गाठी पुन्हा पुन्हा बघते.

१३ डिसेंबर, बुधवार, संध्याकाळ

आकाश स्वच्छ. थंडी अशी की शाई उतरत नाही, पेन्सिल घेतली आहे. दादाला तीन स्वेटर घातले, मफलर मीच गुंडाळला. वहिनीशी फाटकापाशी बोलून आले. सगळं ठीक आहे म्हणाले. आवाज स्वच्छ ठेवला.

रात्री ११.४०

तक्ता टेबलावर, रोजनिशी मांडीवर. उल्का नुसत्या कोसळताहेत. मास्तर एकशे चार, दादा एकशे एकोणतीस. दादा लहान मुलासारखा ओरडतोय. दोऱ्या ठीक. ओढलं की लगेच ओढ येते.

पश्चिम गप्प आहे. अगदी गप्प.

१२.५०

ओढ. दोन्हीकडून. ठीक.

१.३०

ओढ ठीक. दोघांची. पण काहीतरी चुकतंय. काय ते कळत नाही. उठले, बसले. पानं उलटते आहे —

१.३४

दक्षिणेच्या रकान्यातली शेवटची उल्का १२.४६ ला. त्यानंतर एकही नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं. मिनिटाला एक सांगणारा माणूस. मास्तरांच्या हाका चालूच. दक्षिणेला फक्त खुणा, खुणा, खुणा.

हजेरी देतो आणि उल्का सांगत नाही —

पश्चिमेसारखं —

२.२५

दादाची दोरी हातात धरून गेले. मी चालत असताना ती ओढत होती. दोनदा. टोकापर्यंत पोचले. टोक गवतावर पडलं होतं. मोकळं. गाठ तशीच, माझीच, आत मनगट नाही.

दादा खुर्चीत. डोळे उघडे, आकाशाकडे. गाल दगडासारखा. नाडी — लागली. बारीक, पण लागली. मी मास्तरांना हाक मारली. उत्तरेहून उत्तर आलं, जागा. मी पुन्हा ओरडले. जागा. मग धावत जाऊन हाताने ओढून आणले. ते म्हणाले त्यांना माझी हाक ऐकूच आली नाही.

दोघांनी उचलून आत आणला. सगळी पांघरुणं घातली. कान, नाक, तोंड मफलरने झाकलं. मास्तर फाटकाकडे गेलेत, गाडी मागवायला. पळत. त्या वयात.

मी दार लावलंय. दर पाच मिनिटांनी हाक मारायची. झोपू द्यायचं नाही. दादाला जाऊ द्यायचं नाही. वहिनीला शब्द दिलाय.

२.३०

हाक मारली. म्हणाला, मफलर टोचतो. देवा!

२.३५

हाक. म्हणाला, वहिनीला सांगू नकोस. सांगणार, म्हटलं. सगळं सांगणार.

२.४०

हाक. म्हणाला, पोपटा, गप बस जरा. मी रडले आणि हसले.

२.४५

बाहेर चारही बाजूंनी हजेरी चालली आहे. कुणी पुकारत नाही. उत्तर, मास्तरांच्या आवाजात. पूर्व, नर्सबाईंच्या. दक्षिण — दादाच्या. मी ऐकत नाही. माझा दादा इथे आहे. हात माझ्या हातात आहे.

२.५०

हाक. जागा, म्हणाला. बरं वाटलं.

२.५५

बाहेर एकदम शांत झालं. सगळे थांबले.

हाक. जागा.

३.००

हाक. जागा. नाडी बघितली, पण माझीच बोटं बधिर झालीत, काही कळत नाही. बोलतोय ना, पुरे.

३.०५

जागा.

३.१०

जागा. आवाज आता चांगला मोकळा येतोय. खोकला नाही.

३.१५

लांबून गाडीचा आवाज. झरोक्यातून वळणावर दिवे दिसले. दादाला सांगितलं, आली गाडी, घरी जायचं. जागा, म्हणाला.

३.१८

ही वरची पानं वाचली. २.४० नंतर तो दुसरं काहीच बोललेला नाही. दुसरं एकही —

मफलर मी घट्ट गुंडाळलाय. त्यातून आवाज इतका स्वच्छ —

मफलर खाली केला. ओठ मिटलेले आहेत. निळे. त्यांच्यावर दहिवर —

हाक मारली. ओठांकडे बघत. दादा.

जागा, म्हणाला. ओठ —